वॉर्निशखालची ओल

जमिनीला वास मारतोय, बाईने काम कच्चं केलं, असं केदारने केसरीनाथला सांगितलं, तेही तुळजाकाकीच्या तोंडावर. काकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

केसरीनाथ राहनाळचा. बापाचं कुडाचं घर पाडून त्याने तिथे गोडाऊन उभं केलं, आणि आता अकलोलीला, गरम कुंडांवर येणाऱ्या पाहुण्यांसाठी, अगदी तसंच घर बांधायचं डोक्यात घेतलं. कारवीच्या भिंती, वर कौलं, खाली शेणाने सारवलेली जमीन. नकाशा केदारचा, तो ठाण्याचा आर्किटेक्ट. हात मात्र काकीचे. राहनाळच्या त्या घराची जमीनही वर्षानुवर्षं तीच सारवायची. ते पाडताना तिला कुणी विचारलं नाही. आता गाडी पाठवून आणली. हे तिला सलत होतंच.

नवी चोपलेली जमीन, आठ दिवस आत पाय टाकू नका, असं तिने बजावून सांगितलं होतं. तिसऱ्याच दिवशी केदारने वरून वॉर्निश फासलं. फोटोत चकाकी हवी होती म्हणे! आता रविवारी पाहुणे यायचे आणि कोपऱ्याकोपऱ्यात बुरशी. दुसरी बाई बघू, असं बोलून केदार मोकळा. ही गोष्ट शेजारच्या गणेशपुरीपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? मग काकीला सारवायला कोण बोलावणार होतं? उभ्या आयुष्यात तिने तेवढंच तर नाव कमावलं होतं.

तिने खुरपं उचललं आणि जमिनीच्या मधोमध खरवडलं. वॉर्निशचा पापुद्रा निघाला. खालची माती ओलीगच्च होती.

"हात लाव, केसरी," ती म्हणाली. "जमीन वरून सुकते. ह्यानं तिचं तोंडच बांधलंय."

केसरीनाथने बोट लावलं. ओल्या जमिनीवर पाय टाकला म्हणून आईचे फटके खाल्लेला माणूस तो, त्याला वेगळं सांगायला नको होतं. पाहुण्यांना पुढच्या महिन्यात या म्हणून कळवा, असं त्याने केदारला सांगितलं, आणि काकीला विचारलं, परत करशील ना?

काकीचा राग तेवढ्याने निवणारा नव्हता. तिने खुरपं केदारच्या पुढ्यात टाकलं.

"करीन. पन आधी हे सगलं ह्यांनी खरवडायचं. बूट भायेर काढून."

केदार कसनुसं हसला. केसरीनाथने त्याच्या बुटांकडे बोट दाखवलं, तेव्हा त्याने नाड्या सोडल्या.

"तू बी बस, केसरी," काकी म्हणाली. "आयशीची जमीन जेसीबीनं उकरलीस. ही हातानं उकर."

केसरीनाथने मान खाली घातली, चपला काढल्या आणि उकिडवा बसला. काकी ओट्यावर जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत ती तिथून हलली नाही, आणि त्या दोघांना पाणीही विचारलं नाही.