एक मिठी, एक टाटा

दार बंद होताना मध्ये हात घालणाऱ्या भल्याभल्या साहेबांना ज्याने आयुष्यभर झापलं, त्याचाच पाय रोज सकाळी पहिलीच्या वर्गाच्या दारात अडकायचा. हा गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करायचा. ज्या इमारतींत तो जायचा तिथले लोक त्याला लिफ्टवाला म्हणायचे. आपणही तेच म्हणू. "दाराला त्याचं काम करू द्या हो," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

त्याची बायको बेकरीत होती आणि उजाडायच्या आत कामाला जायची. त्यामुळे लेकीला शाळेत सोडणं लिफ्टवाल्याकडे आलं. लेकीला घरात टिचकी म्हणत, कारण ती तेवढीच होती आणि तशीच लागायची. वर्गाच्या दारापर्यंत टिचकी उड्या मारत यायची. दारात आली की खालचा ओठ बाहेर, डोळे भरलेले, आणि मग भोकाड. लिफ्टवाल्याचा जीव तिळतिळ तुटायचा. पाय निघायचा नाही. मग त्याला दिसायचं की बिजागरी करकरतेय, किंवा बाकाचा पाय डुगडुगतोय. तो पिशवीतून पाना नाहीतर तेलाची कुपी काढायचा आणि तेवढाच वेळ वर्गात रेंगाळायचा.

"मी काय म्हणतो," त्याने बायकोला सांगितलं, "बाईंना विचारतो, महिनाभर मागच्या बाकावर बसू का. नाही म्हणाल्या तर यंदा शाळाच नको. एक वर्ष थांबू. लहान आहे अजून."

"कोण?" बायकोने विचारलं.

हा प्रश्न पोटात घेऊनच तो पालकांच्या सभेला गेला.

सभा वर्गातच होती. मुलं शेजारच्या हॉलमध्ये खेळत होती आणि पालक मुलांच्या खुर्च्यांवर बसले होते, म्हणजे गुडघे हनुवटीला लावून टेकले होते. एक भारदस्त वकील उठायला गेले तेव्हा खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली.

बाई तरुण होत्या, आवाज शांत होता आणि चेहऱ्यावर अजिबात हसू नव्हतं. अशा माणसांपासून जपून राहावं.

"आज तुम्ही मुलं," बाई म्हणाल्या. "दप्तर आपल्या खुंटीवर. बाटली ट्रेमध्ये. मी हात वर केला की तुम्हीही हात वर करायचा आणि तोंड बंद."

पहिल्यांदा हात वर झाले, तोंडं चालूच राहिली. बाई हात वर करून उभ्याच राहिल्या. शेवटी एक आजीबाई वकिलांवर खेकसल्या, "अहो गप्प बसा की, हात दुखला त्यांचा!"

"पोरं दोन दिवसांत शिकली," बाई म्हणाल्या. "तुम्हालाही जमेल."

मग त्यांनी वर्षभरात काय काय यायला हवं ते सांगितलं. छोटी गोष्ट आपली आपण वाचणं. मनातलं एखादं वाक्य लिहिणं, मग अक्षर वाकडं आलं तरी चालेल. वस्तू हाताळून बेरीज-वजाबाकी. आणि अडलं तर आधी स्वतः डोकं चालवायचं, मग शेजारच्याला विचारायचं, मग बाईंना.

"आणि आईबाबांना?" वकिलांनी विचारलं.

"आईबाबांना घरी गेल्यावर. शाळेत काय झालं ते सांगायला. चित्रं मुलांनाच काढू द्या. परवा एकाच्या घराच्या चित्राला जिना, गच्ची आणि वाहनतळ होता."

वकिलांनी छताकडे पाहिलं.

लिफ्टवाल्याने हात वर केला. "बाई, एखादा पालक जर मागे बसला, गुपचूप..."

"आपण त्या विषयाकडेच येतोय. सकाळचा निरोप. एक मिठी, एक टाटा आणि पाठ फिरवायची. करून बघू. तुम्ही टिचकी व्हा, मी तुमची जागा घेते."

लिफ्टवाला दारात टिचकी होऊन उभा राहिला. बाई त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या. त्यांनी त्याची कॉलर सारखी केली. बाटलीचं झाकण घट्ट केलं, पुन्हा सैल केलं, पुन्हा घट्ट केलं. दोन पावलं गेल्या, परत आल्या. तोंड एवढंसं करून म्हणाल्या, "बाबाची आठवण आली तर रडायचं नाही हं. येईल ना आठवण? येईलच." मग बिजागरीकडे पाहून म्हणाल्या, "अरे, ही करकरतेय का?"

आजीबाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. लिफ्टवाल्याला एवढंच कळलं की त्या जागी उभं राहिल्यावर त्याचाही खालचा ओठ बाहेर आला होता.

"तुमच्यामुळे वर्गात आता सैल असं काही उरलेलं नाही," बाई उठत म्हणाल्या. "फक्त तुम्ही उरलात. बाकी तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. टिचकीला विचारा."

सभा संपली आणि वर्ग दाखवायला मुलांना आत सोडलं. टिचकीने बापाचं बोट धरून त्याला फिरवलं. ही माझी खुंटी. हा वाचायचा कोपरा, इथे चपला काढ. रांगेत पुढे मी असते आणि मागचा ढकलतो, त्याला मी बरोबर सरळ केलंय. लिफ्टवाला तिच्या मागून चपला हातात घेऊन चालला होता. ही सकाळची ती टिचकी नव्हतीच.

"मग सकाळी का रडतेस गं?" त्याने हळूच विचारलं.

टिचकीने आजूबाजूला पाहिलं. "पहिल्या दिवशी मी रडलेच नव्हते. तेव्हा तू म्हणालास, बाबाची आठवण नाही येणार? आणि तुझं तोंड असं झालं." तिने ते तोंड करून दाखवलं. घरात आरसा असूनही लिफ्टवाल्याने ते कधी पाहिलं नव्हतं. "म्हणून रडते. तू गेलास की थांबते. तू लवकर जातच नाहीस, मग माझे डोळे दुखतात."

लिफ्टवाला चपला घालत बराच वेळ खाली वाकून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पाना पिशवीबाहेर काढलाच नाही. वर्गाच्या दारात टिचकीने सवयीने खालचा ओठ बाहेर काढला, मग बापाकडे नीट बघून दबक्या आवाजात विचारलं, "आज रडू का?"

"नको," लिफ्टवाला म्हणाला. "आजपासून सुट्टी."

"नक्की? थोडंसं?"

"अजिबात नको."

एक मिठी झाली. एक टाटा झाला. टिचकी आत पळाली आणि दप्तर खुंटीवर टांगून मागच्याला सरळ करायला लागलीसुद्धा. लिफ्टवाल्याने पाय मागे घेतला. दार बंद झालं. जराही आवाज न करता, लोण्यासारखं. महिनाभर त्याला तेल घातल्याचा लिफ्टवाल्याला त्या क्षणी पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

तो फाटकापर्यंत पोचला तोच बायकोचा फोन आला.

"काय, रडलं का कुणी?"

"छे! टिचकीने टिपूस काढलं नाही."

"मी तिचं विचारतच नाहीये."

लिफ्टवाल्याने नाक ओढलं. आपण लिफ्टमध्ये आहोत, आवाज तुटतोय, असं त्याने फाटकाच्या खांबाला टेकून तिला सांगितलं आणि फोन ठेवला.