दिसणारा टाका

नंदनवन वस्तीत राहणारा गिरिधर शिलाई मशिनींचा मिस्त्री होता. त्याची बायको गोपिका इतवारीत ताराचंद शेठच्या पँटच्या कारखान्यात तुरपाई करायची. पँटच्या पायाचा काठ आत दुमडून हातानं असा शिवायचा की बाहेरून टाका दिसू नये. सिंधूताई, प्रेमिला आणि आणखी काही जणी तिच्यासोबत याच कामावर होत्या.

त्या उन्हाळ्यात शेठनं मुंबईहून तुरपाईची जुनी मशीन आणवली आणि ती लावून द्यायला गिरिधरलाच बोलावलं. घरी हे कळलं तेव्हा गोपिका भाकरी थापत होती. ती म्हणाली, "तुम्ही जाऊच नका."

"मी नाही लावली तर दुसरा कोणी लावन."

"मग लावा. पण टाका दिसू द्या. शेठ स्वतःच परत पाठवन तिले."

आजवर गिरिधरनं कुणाची मशीन मुद्दाम बिघडवली नव्हती.

मशीनची सुई कमानीसारखी वाकडी होती. खालची लोखंडी पट्टी कापड वर उचलायची आणि सुई आडवी येऊन त्याचा अर्धाच पदर टिपायची. पट्टी खाली राहिली तर टाका सुटायचा. वर चढली तर सुई आरपार जायची आणि बाहेरून टिपके दिसायचे. चिंध्यांवर शिवून पाहत गिरिधरनं ती नेमकी बसवली. कापड उलटून पाहिलं, एकही टाका दिसत नव्हता. त्याला बरं वाटलं. मग चटईवर माना खाली घालून बसलेल्या बायकांकडे त्याचं लक्ष गेलं. त्यानं पट्टीचा स्क्रू अजून थोडा फिरवून ती वर चढवली.

शेठनं पहिली पँट खिडकीशी नेली. टिपक्यांवरून बोट फिरवलं.

"मशीन जुनी आहे, शेठ," गिरिधर म्हणाला. "याच्याहून बारीक नाही येणार."

"चालते गा. पायाजवळ कोण वाकून पाहते?"

त्याच आठवड्यात सगळ्या बायकांना घरी बसायला सांगितलं. सिंधूताईनं निदान बटणं लावायचं काम मागून पाहिलं, तेही नव्हतं.

गिरिधरला मात्र ते टिपके सोडेनात. एके दिवशी त्यानं पिशवीत पाने-पेचकस भरले.

"आता काहून जाऊन राहिले?" गोपिकेनं विचारलं.

"नीट करून येतो."

सिंधूताईसोबत ती कळमन्याच्या बाजारात मिरच्यांचे देठ खुडायला निघाली होती.

कारखान्यात मशीन चालूच होती. टिपकेवाल्या पँटींची थप्पी कमरेपर्यंत आली होती. गिरिधर फुकटात करून देतो म्हणाला, तरी शेठनं ऐकलं नाही. माल चालला आहे, काम कशाला अडवायचं, असं म्हणून तो फोनकडे वळला. गिरिधर पिशवी उचलून परत आला.

संध्याकाळी गोपिका आली. बोटं जळत होती म्हणून आल्याबरोबर मोरीवर बसली. तो तिच्या हातावर पाणी ओतू लागला.

"झाली का नीट?" तिनं विचारलं.

"हात नाही लावू देल्ला."

तिनं मान हलवली आणि ओंजळ पुढं धरली.