राक्षस फुटला

"नाना, फुटला! तुमचा राक्षस फुटला!" मनवा जिन्यातूनच ओरडत आली.

डिलाईल रोडच्या त्या चाळीत राक्षस म्हणजे ५१०५११, हे आता पोराटोरांनाही ठाऊक होतं. नानांनीच तो गेल्या रविवारी नातीला दिला होता. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा आणि सतरा यांचा गुणाकार करायचा, वर एक मिळवायचा. यांतल्या कुणानेही भागा, बाकी एक उरतेच. "म्हणजे मूळ संख्या. कुणाच्या बापाला फुटायची नाही," नाना म्हणाले होते. दहावीतल्या मनवाने तिथल्या तिथे पैज लावली होती. फोडली, तर नानांनी चारचौघांत हार मानायची.

"एकोणिसाने पूर्ण भाग जातो!" गॅलरीत पोचून ती धापा टाकत म्हणाली. "एकोणीस गुणिले सत्त्याण्णव गुणिले दोनशे सत्त्याहत्तर! सतरावर थांबलात कसे हो? वर्गमुळापर्यंत तपासायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

शेजारच्या ललिताकाकू तांदूळ निवडता निवडता हसल्या. "काय नाना, नातीने विकेट काढली की!"

नाना हसले नाहीत. "एकोणीस..." त्यांची बोटं मांडीवर हलली आणि थांबली.

"करून बघा. एकोणीस दुणे?"

"अडतीस."

"त्रिक?"

नाना तिच्याकडे बघत राहिले. मग खाली रस्त्याकडे. "आता होतं गो. आता इथेच होतं."

मनवाचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं. याच माणसाने तिला लहानपणी दिवेलागणीला देवासमोर बसवून तिसापर्यंत पाढे घोकून घेतले होते. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मध्यंतरी त्यांनीच परवचा बंद केला, "मोठी झालीस आता" म्हणून. तिला तर सुटल्यासारखं वाटलं होतं.

"नाना, माझंच चुकलं असेल," ती घाईघाईने म्हणाली. "नाही फुटत तो."

"खोटं बोलू नको गो. हिशेबात तरी नको." नानांनी मान वळवली. "ललिता, ऐक. मी हरलो."

काकूंचा हात सुपात थांबला.

आत आईने देवापाशी दिवा लावला. मनवाने नानांना हाताला धरून आत नेलं, पाटावर बसवलं आणि समोर मांडी घातली.

"एकोणीस एके एकोणीस."

नाना मागून म्हणू लागले. चौथ्याला अडखळले.

मनवाने डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.