काठावरच्या फुल्या

तुकडा मधोमध मोडलेला होता, म्हणून तिला कळलं.

काडेपेटीतल्या काडीएवढा हाडाचा तुकडा, औषधाच्या पाण्यात, छोट्याशा बाटलीत. असे तुकडे, त्यात नवं हाड किती भरलंय ते मोजायला, तिच्या संस्थेत दर आठवड्याला येत. बाटलीवर नाव नसे, नुसता नंबर. कुणाचं हाड आहे हे मोजणाऱ्याला कळू नये, अशी पद्धतच होती. पण नवऱ्याचं मंगळवारी ऑपरेशन झालं तेव्हा त्याला फक्त कमरेत इंजेक्शन दिलेलं, त्यामुळे पडद्याआडचं सगळं त्याला ऐकू येत होतं. संध्याकाळी तो तिला म्हणाला होता, "डॉक्टर हळहळत होते गं. काढताना तुकडा मोडला म्हणे. माझं कुठलंच काम सरळ होत नाही."

आणि बुधवारी ही बाटली आली, आत दोन तुकडे. बारा वर्षांत मोडका तुकडा तिनं चार-पाचदाच पाहिला असेल. ती स्टुलावर बसली, बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट केलं, आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून उगाचच मागे वळून बघितलं.

घरच्या माणसाचा नमुना आलाय असा संशय आला तरी सरांना सांगायचं आणि बाजूला व्हायचं, असा नियम होता. तिच्यानंतर मोजणारे म्हणजे सरच. सरांचं मोजणं म्हणजे उरकणं. एक डोळा सूक्ष्मदर्शकात, दुसरा घड्याळावर. तिला मात्र सगळे काटेकोरबाई म्हणत, आणि मोजण्याच्या बाबतीत ती म्हणेल ती पूर्व दिशा. पण ती गप्प राहिली ती काही कामाच्या काळजीनं नव्हे. तो तुकडा तिला दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचाच नव्हता.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. दीड वर्षापूर्वी लिफ्टच्या खड्ड्यात पाय अडकला आणि नडगीच्या हाडाचा चार बोटं भाग पार चुरा होऊन गेला. तिथं डॉक्टरांनी कारखान्यात बनवलेला पांढरा तुकडा बसवला. चिनीमातीसारखा, पण स्पंजासारखा भोकाभोकांचा. शरीरानं त्या भोकांतून आपलं हाड वाढवायचं आणि तुकड्यानं हळूहळू विरघळून जायचं, अशी योजना. पाय बाहेरून लोखंडी कड्यांत जखडलेला, आठ तारा आरपार. ही सगळी योजना तिनं घरी समजावून सांगितली तेव्हा तो म्हणाला होता, "म्हणजे माझ्या पायात परांची बांधलीय म्हण की. भिंत झाली की परांची उतरवायची."

"तसंच समजा."

"आणि भिंत झालीच नाही तर?"

ती कपडे वाळत घालायला निघून गेली होती.

आता डॉक्टरांनी त्याचं उत्तर देऊन ठेवलं होतं. शंभरात तीस भाग नवं हाड भरलं असेल, तर आणखी सहा महिने कडी ठेवू, पाय वाचेल. तीसच्या खाली असेल, तर गुडघ्याखालून काढावा लागेल. "उगाच थांबलो आणि खालच्या तारांजवळचा पू वर चढला, तर गुडघासुद्धा जाईल," ते म्हणाले होते. "गुडघा असला तर माणूस नकली पायावर जिना चढतो. गुडघा गेला की फार कठीण."

तुकडा राळेत घट्ट होऊन तयार व्हायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे तिनं कसे काढले, तिचं तिला ठाऊक. मग हिऱ्याच्या पात्याच्या करवतीनं तिनं त्याचा पापुद्रा काढला, ओल्या पॉलिशपेपरवर बोटाच्या टोकानं घासत बसली. खालचं छापील अक्षर वाचता येईल इतका तो पातळ व्हावा लागतो. जरा जोर पडला की गेला. त्या दिवशी तिनं श्वाससुद्धा बेतानं घेतला.

रंग चढवून काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. नवं हाड लाल दिसतं, नुसता मऊ तंतू निळा, आणि न विरघळलेला कारखान्याचा माल तपकिरी. भिंगात शंभर बारीक फुल्या कोरलेल्या असतात. किती फुल्या लाल भागावर पडतात ते मोजायचं, चार जागी, आणि सरासरी काढायची.

पहिल्या नजरेतच तिला सगळं निळं दिसलं.

मोजलं. अठरा. पुन्हा मोजलं. एकोणीस.

तपकिरी कणांच्या कडांना थोडा लाल रंग लागतोच. तो हाडाचा नसतो, मालानंच रंग ओढलेला असतो. ज्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तिला हे काम शिकवलं त्यांचा एकच दंडक होता: काठावरची फुली धरायची नाही, शंका आली की नाही म्हणायचं. तिनं तो बारा वर्षं पाळला होता. किती जणांचे पाय त्या नाहीवर गेले असतील, हे तिनं कधी मनात येऊ दिलं नव्हतं. त्या दिवशी आलं. आणि ती तिसऱ्यांदा मोजायला बसली.

या वेळी तिनं काठावरच्या सगळ्या फुल्या धरल्या. हेही लालच की. हे कोण म्हणतं हाड नाही? बुडत्याला काडीचा आधार, तसा तिला त्या कडांचा आधार. एकतीस आले. पेन्सिलीनं तिनं एकतीस लिहिलं, वही मिटली आणि बसमध्ये घरापर्यंत एकतीस, एकतीस असं मनात घोकत गेली. घोकलं की खरं होतं, असं शाळेत असताना वाटायचं.

संध्याकाळी तारांची भोकं पुसायची वेळ झाली. तो पलंगावर टेकून बसला, टॉवेलचं टोक दातांत धरलं. ती एकेका तारेभोवती कापूस फिरवू लागली.

"आलं का गं ते माझं?" मध्येच टॉवेल काढून त्यानं विचारलं.

"कुणाचं कुठलं ते आम्हाला कळत नाही."

"ते बरंय. कळलं असतं तर तुझं काही खरं नव्हतं." मग हसून म्हणाला, "एक सांगू? पाय गेला तर मोज्यांचा खर्च निम्मा."

"गप्प बसा हो."

"बसलो. पण सारखं असं लटकून नाही गं राहवत. लिफ्ट वर तरी जावी नाही तर खाली तरी यावी. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं काय बोंब मारतात, मी बाहेरून ऐकलंय. आता आतून कळतंय."

ती शेवटच्या तारेपाशी आली. सगळ्यात वरची तार, गुडघ्याच्या अगदी खाली. तिथला कापूस इतके दिवस कोरडा निघत होता. आज पिवळा निघाला. तिनं दुसरा बोळा घेतला. तोही पिवळा. वास आला. तिनं बोळा मुठीत लपवला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला, म्हणजे रडलेलं ऐकू जाऊ नये. एकतीस लिहून तिनं पाय वाचवला नव्हता, गुडघा पणाला लावला होता. आणि हे काही तिला आत्ता कळत नव्हतं. सूक्ष्मदर्शकापाशीही माहीत होतं, तरी तिनं लिहिलं होतं. याचीच तिला जास्त भीती वाटली.

सकाळी सरांच्या आधी जाऊन तिनं एकतीस खोडलं. पुन्हा मोजलं, एकदा नव्हे, चारदा. एकोणीसच्या वर आकडा हलला नाही. तिनं शाईनं एकोणीस लिहिलं, सही केली, आणि पाकीट पाठवणीच्या टोपलीत टाकलं.

पुढच्या आठवड्यात ती त्याच्याबरोबर दवाखान्यात गेली. डॉक्टरांसाठी ती नुसती पेशंटची बायको; संस्थेत कोण मोजतं, हे त्यांना कधी माहीत करून घ्यावं लागलं नव्हतं. त्यांनी पाय पाहिला, वरची तार पाहिली, आणि रिपोर्टचा कागद टेबलावर सरकवला.

"एकोणीस आलेत," ते म्हणाले. "तारेजवळ पू पण दिसतोय. मला वाटतं आता थांबू नये." मग म्हणाले, "तुमची इच्छा असेल तर पुन्हा मोजायला सांगू. तुमचा हक्क आहे तो. आठवडाभर लागेल."

पुन्हा मोजतील ते सर. सर घाईत मोजतील. कडा धरतील, न धरतील, कुणी सांगावं. हो म्हणा, एवढंच तिला ओरडून सांगावंसं वाटलं.

नवऱ्यानं कागद उचलला. आकडा पाहिला. मग खाली सही पाहिली. वीस वर्षं घरातल्या प्रत्येक कागदावर पाहिलेली, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली सही. तो बराच वेळ त्या सहीकडेच बघत राहिला. शेजारी बसलेल्या बायकोकडे त्यानं मान वळवली नाही.

"नको," तो म्हणाला. "पुन्हा मोजायला लावू नका त्यांना."

"बघा हं. नंतर मनात राहायला नको."

"नाही राहणार. सोमवार चालेल का तुम्हाला?"

डॉक्टर तारखांची वही चाळू लागले. त्यानं टेबलाखालून हात पुढे केला, तिची बोटं चाचपून हातात घेतली, आणि सोमवार ठरेपर्यंत धरून ठेवली.