गाडीतली पथारी

जेवणं उरकली की रनाळ्यात सगळं कसं चिडीचूप होतं. लेक धनू नुकतीच झोपली होती. ममताने तिच्या मानेखालून आपला हात हळूच सोडवून घेतला, आणि नेमकं तेव्हाच कुठेतरी स्टीलच्या डब्याचं झाकण टण्णकन पडलं. पडलं ते पडलं, वर गोल गोल नाचत बराच वेळ वाजत राहिलं.

ममता स्वयंपाकघरात डोकावली. तिथे कोणी नव्हतं. आवाज अंगणातून आला होता, आणि अंगणात नुसती गाडी उभी होती. गाडीच्या पुढच्या दारातून सासूबाईंची दोन पावलं बाहेर आली होती. बाकीच्या छबूबाई आत होत्या.

"आई, काय शोधताय?"

"मिसरीनी डबी. आठेच ठेवेल व्हती मी."

गाडी भाग्येशची, म्हणजे ममताच्या नवऱ्याची. पण भाग्येश कामाला सुरतला. तो घरी आला की गाडी चालायची, नाहीतर उभीच. आणि उभी असलेली वस्तू रिकामी ठेवायची नाही, ही या घराची जुनी खोड. डॅशबोर्डच्या खणात मिसरी, बडीशेप, सुतळीचा गुंडा आणि सासऱ्यांचा जुना चष्मा. दाराच्या कप्प्यात खुरपं. ड्रायव्हरच्या सीटखाली पाण्याचा लोटा, आणि गाडीची पूजा झाली तेव्हाचा नारळ, जो तेव्हापासून वळणावळणावर इकडून तिकडे फेरफटका मारत होता.

आज मात्र ममताने पदर खोचला. सोमवारी म्हसावदहून तिच्या आईला घेऊन शहाद्याला जायचं होतं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. आईला ती एकुलती एक. नंदुरबारला क्लास लावून ती गाडी शिकली होती, लायसन्सही आलं होतं. पण सासरे, हिलालनाना, विषय निघाला की एकच म्हणायचे, "लखनले सांगू." लखन म्हणजे गावातला, भाड्याची गाडी चालवणारा. ऑपरेशनच्या खोलीत जाताना आईचा हात धरायला मी, आणि तिला तिथवर न्यायला लखन? ममताने या वेळी हट्ट सोडला नाही. शेवटी नानांनी तोडगा काढला: उद्या सकाळी कोरीटला, त्यांच्या बहिणीकडे, दगूबाईकडे जाऊन यायचं. नाना शेजारी बसणार. गाडी नीट नेली, तर सोमवारी किल्ली ममताची. नाहीतर लखन.

"आई, हा नारळ इथून काढते मी."

"देवना नारळ शे तो!"

"म्हणूनच. ब्रेकखाली गेला तर ब्रेक दाबलाच जाणार नाही. मग देवाला आपल्यासाठी धावत यावं लागेल. एवढ्या थंडीत कशाला त्याला त्रास?"

छबूबाईंनी सुनेकडे रोखून पाहिलं. ही आपली थट्टा करते की देवाची, हे त्यांना ठरवता येईना. मग नारळ, लोटा आणि खुरपं एका पोत्यात बांधून डिकीत गेले. मिसरी छबूबाईंच्या कनवटीला गेली.

राहिल्या नानांच्या मिरच्या. पुढच्या काचेखाली, डॅशबोर्डवर, नानांनी फडकं अंथरून बियाण्याच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या. अंगणात कोंबड्या तुडवतात, घराच्या धाब्यावर धूळ बसते. गाडीत काचेमागचं कडक ऊन मिळतं आणि दारं बंद. आपल्या या युक्तीवर नाना बेहद्द खूश होते.

"नाना, डॅशबोर्डवर काही ठेवायचं नसतं. समोरचं नीट दिसत नाही. आणि त्याच्यात फुगा असतो. ठोकर बसली की तो फाडकन उघडतो, वरचं सगळं तोंडावर."

"फुगा? जत्रामाना?"

"जत्रेतलाच. फक्त तो आपण घ्यायचा नसतो, तोच आपल्याला घेतो."

नानांनी मिशीतल्या मिशीत हसून फडक्याची चार टोकं उचलली आणि मिरच्या ऐटीत घरात नेल्या. फडकं जुनं होतं. विरलं होतं. पण तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

सकाळी थंडी मी म्हणत होती. नाना पुढे बसले, छबूबाई आणि धनू मागे. ममताने सीट पुढे घेतली, आरसे फिरवले, धनूचा पट्टा ओढून पाहिला, वायपर-दिव्यांची बटनं एकदा हाताखालून घातली.

"गाडी चालाडस का सैपाकनी तयारी करस?" नाना म्हणाले.

"चालत्या गाडीत मीठ शोधत बसायला नको ना, म्हणून."

मागून छबूबाई फस्सकन हसल्या.

गाव मागे पडलं. नानांचा उजवा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबत होता. बैलगाडी दिसली की एकदा, म्हैस दिसली की दोनदा. कापसाच्या शेतांवर धुकं होतं. छबूबाईंना गार लागत होतं म्हणून सगळ्या काचा बंद. चौघांच्या श्वासांनी पुढची काच आतून पांढरी व्हायला लागली. नानांनी खांद्यावरचा टॉवेल काढून ममताच्या डोळ्यांसमोरून काच पुसायला हात लांबवला.

"नाना, हात नको! मला दिसत नाही. पंख्याचं बटन आहे ना, काचेवर हवा सोडायचं. हळूच एकवर—"

"माले मालूम शे," नाना म्हणाले, आणि बटन त्यांनी शेवटपर्यंत फिरवलं.

काचेखालच्या फटीतून भस्सकन वारा आला. आणि वाऱ्याबरोबर, विरलेल्या फडक्यातून गळून त्या फटीत जमलेलं बी आणि लाल भुकटी.

आधी नाना शिंकले. मग छबूबाई, मग धनू. मग गाडीत नुसता ठसका. ममताच्या डोळ्यांत तर निखाराच पडला. डोळे चोळावेसे वाटले, पण क्लासमधल्या सरांचं एक वाक्य तिच्या हातांत भिनलं होतं: काहीही झालं तरी आधी गाडी, मग आपण. तिने स्टिअरिंग सोडलं नाही. एक डोळा मिटून, दुसरा अर्धा उघडा ठेवून पंखा बंद केला, चारही काचा खाली केल्या, डावा दिवा लावून गाडी हळूहळू कडेला घेतली. थांबली. हँडब्रेक ओढला, लाल त्रिकोणाचं बटन दाबलं. चारी दिवे लुकलुकायला लागले, आणि मगच ती पोटभर खोकली.

सगळे खाली उतरले. बाटलीतल्या पाण्याने ममताने आधी धनूचे डोळे धुतले, मग सासूबाईंचे, मग नानांचे. तिच्या वाट्याला तळाचं ओंजळभर पाणी आलं.

छबूबाईंना वाचा फुटली. "व्यापारी मिरची वाळाडतस ती पथारी माळवर ऱ्हास. आमना बुवानी पथारी गाडीमा!"

नाना नाक पुसत शेताकडे बघत होते, जणू कापूस त्यांनीच पेरला होता. मग घसा खाकरून म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे. परत फिर. सोमवारले लखनले सांगू."

ममताने रिकाम्या बाटलीचं झाकण लावलं. डोळ्यांतून पाणी वाहतच होतं. त्यातलं मिरचीचं किती आणि आपलं किती, ते तिचं तिलाच कळेना. पण आवाज तिने साधाच ठेवला.

"सांगा, नाना. फक्त लखनला एकदा विचारून घ्या, त्याच्या गाडीत तुम्ही मिरच्या वाळत घातलेल्या चालतील का."

छबूबाई पुन्हा हसल्या, आणि हसता हसता नवऱ्याला म्हणाल्या, "पोरनी एक डोयाथीन गाडी उभी करी. तुम्ही दोन डोया उघडा ठी काय करं? शिंक्यात!"

नानांनी बायकोकडे पाहिलं. सुनेकडे पाहिलं. दोघींची नाकं टोमॅटोसारखी लाल होती. मग ते टॉवेल घेऊन गाडीत वाकले आणि काचेखालची ती फट, आपल्या हाताने, कोपऱ्यापर्यंत पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते. शेवटी टॉवेल रस्त्याकडेला झटकला आणि आपल्या जागी जाऊन बसले.

"चल. दगूबाई वाट दखी ऱ्हायनी व्हई."

गाडी निघाली. या वेळी नानांनी कुठल्याच बटनाला हात लावला नाही. नंदुरबार आलं, रिक्षा, हातगाड्या, रस्त्याच्या मधोमध निवांत बसलेली गाय. नानांचा पाय सवयीने पुढे गेला, पण त्यांनी तो मागे ओढून घेतला. शहर ओलांडून कोरीटचा रस्ता लागल्यावर ते समोर बघत, कोणालाच न सांगितल्यासारखं म्हणाले,

"सोमवारले प्रकाशाले तापीना पूलवर धीरे घेजो. तठे ट्रका ऱ्हातस."

ममताने स्टिअरिंगवरची बोटं जरा सैल केली. "घेईन, नाना," एवढंच म्हणाली. त्याहून जास्त बोलली असती तर आवाज फुटला असता, आणि तो मिरचीवर ढकलायची वेळ आता गेली होती.

मागच्या सीटवर धनू केव्हापासून गप्प बसून काहीतरी जुळवत होती. पट्टा ताणून ती पुढे झुकली, आजोबांच्या टोपीकडे आणि आईच्या पाठीकडे आळीपाळीने पाहिलं.

"मम्मी," ती म्हणाली, "पप्पांची परीक्षा कोणी घेतली व्हती?"