तेजलचे पहिले गिऱ्हाईक

मित्रांनो, सातपूरच्या बाजारात बंटीभाऊंचे संगणक दुरुस्तीचे छोटेसे दुकान आहे. त्या दुकानाच्या मागच्या मांडणीवर, एका फुटक्या प्रिंटरखाली, काळा, जाडजूड, जुना लॅपटॉप पडलेला आहे. तो मी. माझ्या कीबोर्डच्या चार कळा दुसऱ्या कुणाला लागल्या म्हणून बंटीभाऊंनी काढून घेतल्या. त्याचे मला वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. ती गोष्ट माझी आहे, पण माझ्याहून जास्त तेजलची आहे. ती सांगताना मी माझी बाजू घेणार नाही.

माझी पहिली सात वर्षे एका कारखान्याच्या ऑफिसात गेली. पंपाच्या सुट्या भागांचे आराखडे मी काढत असे. खोली थंड होती. दर शनिवारी शिपाई मऊ फडक्याने मला पुसायचा. साहेब पाहुण्यांना सांगायचे, "हा कधी अडकत नाही." मग नवे संगणक आले आणि आम्हा अकरा जणांना एका टेम्पोत भरून विकून टाकले.

मला नवनाथ यांनी घेतले. ते सातपूरलाच एका कंपनीत कंत्राटी कामगार होते. श्रमिकनगरात पत्र्याच्या दोन खोल्यांत ते, त्यांची बायको यशोदा आणि मुलगी तेजल असे तिघे राहत. तेजलचे बी.कॉम. झाले होते. पण तिचा जीव रमायचा व्हिडिओ एडिटिंगमध्ये. लोकांनी कसेबसे घेतलेले चित्रण कापायचे, जोडायचे, त्याचा आवाज नीट करायचा आणि पाहण्याजोगी फिल्म तयार करायची, हे ते काम. ती ते मोबाईलवर बघून बघून शिकली होती. मी घरात आलो त्या दिवशी तिने माझ्या झाकणावरून हात फिरवला आणि वडिलांकडे बघून हसली. नवनाथ म्हणाले, "एक वर्ष घे. तोवर मी काही बोलणार नाही. पण वर्षात एक तरी गिऱ्हाईक स्वतःहून पैसे देऊन आलं पाहिजे. नाही आलं, तर कंपनीत पॅकिंगच्या कामाला नाव लाव."

"येईल पप्पा," तेजल म्हणाली. "एक काय, दहा येतील."

तिने वहीत नाशिकमधल्या फोटो स्टुडिओंची यादी केली. त्रेचाळीस नावे झाली. बसने, कधी पायी, ती एकेका दारात गेली. मी तिच्या पाठीवरच्या पिशवीत असायचो. प्रश्न सगळीकडे एकच होता, "अनुभव किती?" आणि तिचे उत्तरही एकच, "पहिलं काम मिळालं की होईल."

गंगापूर रोडच्या मल्हारीशेठनी मात्र तिला बसवून घेतले, चहा पाजला. "ट्रायल म्हणून एक लग्न करून दाखव," ते म्हणाले. दिंडोरीकडचे लग्न होते, तीन कॅमेऱ्यांचे चित्रण. तेजल नऊ दिवस त्यावर बसली. नवरीची मावशी दाराआड उभी राहून डोळे पुसत होती. कॅमेरावाल्याला ती दिसलीसुद्धा नव्हती. चित्रणाच्या कोपऱ्यातून ती नेमकी शोधून तेजलने पाठवणीच्या आधी ठेवली. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतके सुंदर काम केले नव्हते.

पंधरा दिवसांनी ती फिल्म मल्हारीशेठच्या फेसबुक पानावर त्यांच्याच नावाने दिसली. खाली शेकडो लोकांनी कौतुक लिहिले होते. तेजलने फोन केला.

"अगं, ट्रायल होती ना ती?" मल्हारीशेठ म्हणाले. "तूच तर हो म्हणालीस. आता लग्नसराई संपली. पुढच्या सीझनला बघू."

फोन ठेवून तिने खाली लिहिलेले कौतुक एकदा वाचले, पुन्हा वाचले आणि मला बंद केले.

पुढे एका मिसळीच्या दुकानासाठी तिने छोटा व्हिडिओ केला. मालकांना तो फार आवडला. त्यांनी तिला मिसळ खाऊ घातली, वर दही दिले. ती चाचरत मोबदल्याचे बोलली तेव्हा ते मनापासून चकित झाले. "याचे पैसे असतात? माझा भाचा मोबाईलवर असंच करतो की!" परदेशातली कामे मिळवून देणाऱ्या एका साइटवरही तिने नाव घातले. तिथे आधीच्या गिऱ्हाइकांनी दिलेले तारे बघतात. तिच्या नावापुढे एकही तारा नव्हता. म्हणून काम नव्हते, आणि काम नव्हते म्हणून तारा नव्हता. सकाळी ती मला उघडायची, निरोप आला का ते बघायची आणि आईला पोळ्या लाटू लागायची.

या सगळ्यात माझ्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. पत्र्याखाली मी तापायचो. पंख्यात धूळ साचली होती. बॅटरी केव्हाच मेली होती, त्यामुळे लाइट गेली की मी धाडकन बंद पडायचो. माझ्या पोटातली हार्डडिस्क, जिच्यावर सगळे साठवलेले असते, ती मधूनच टकटक करू लागली होती. तेजलला ते ऐकू यायचे. तिने वहीत लिहून ठेवले होते, 'बाहेरची हार्डडिस्क घेणे. पहिल्या कामाच्या पैशातून.' मी तिला दोष देत नाही. पण मी टकटक करत होतो, हे खरे आहे.

वर्षाचे अकरा महिने संपले आणि गिऱ्हाईक आले. तेजलने झेरॉक्सच्या दुकानात एक कागद चिकटवला होता, तो वाचून रोहित नावाचा एक तिशीचा माणूस आईला घेऊन घरी आला. आईचे नाव चंद्रभागा. तिचे यजमान धोंडीराम मनमाडला रेल्वेत की-मॅन होते. रोज मैलोन् मैल रुळांवरून चालायचे आणि सैल झालेल्या चाव्या हातोड्याने ठोकून बसवायच्या, असे ते काम. निवृत्त होऊन ते मुलाकडे सातपूरला आले आणि छातीच्या आजाराने गेले. गेल्यावर त्यांच्या मोबाईलच्या मेमरी कार्डात एकतीस व्हिडिओ सापडले. कुणालाही न सांगता त्यांनी ते काढून ठेवले होते. सगळे बायकोसाठी. चंद्रभागाबाईंना वाचता येत नव्हते.

तेजलने कार्ड मला लावले. पडद्यावर एक किडकिडीत, पांढऱ्या मिशांचा माणूस आला.

"चंद्रभागा, बघ. पेन्शनला गेलीस की तीन नंबरच्या खिडकीवर जायचं. दोन नंबरवाली बाई ओरडते. अंगठा द्यायला लाजायचं नाय."

दुसऱ्यात गोळ्या होत्या. पांढरी अर्धी, गुलाबी सबंध. तिसऱ्यात ते म्हणत होते, "रोहितशी भांडलीस तरी जेवण सोडू नको. भांडण येगळं, जेवण येगळं." आणि एकात ते काहीच बोलत नव्हते. चंद्रभागाबाई मेथी निवडत होत्या आणि ते दोन मिनिटे नुसते चित्रण करत होते.

"पहिल्या स्मृतिदिनाला विहारात दाखवायचंय," रोहित म्हणाला. "वीस मिनिटांचं करा. मी पूर्ण पैसे देणार, हे ॲडव्हान्स." त्याने नोटा पुढे केल्या. तेजलचा हात पटकन पुढे गेलाच नाही.

"खोकला काढून टाकते, आवाज स्वच्छ होईल," ती म्हणाली.

"खोकला नको काढू गं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "खोकला आला की ते माझ्याकडं बघायचे. तेवढंच तर दिसतं त्यात."

तेजलने मान डोलावली. मग तिने सगळे व्हिडिओ माझ्यात उतरवून घेतले, कार्ड परत दिले आणि म्हणाली, "आता काळजी करू नका. सगळं माझ्याकडे नीट आहे."

यशोदाबाईंनी त्या दिवशी आजूबाजूच्या चार घरांत जाऊन सांगितले. नवनाथ कामावरून येताना जिलबी घेऊन आले.

तीन आठवडे आम्ही त्या माणसाबरोबर राहिलो. त्याचा शब्द न् शब्द तेजलला पाठ झाला. तो कुठे श्वास घेतो, कुठे अडतो, कुठे हसू दाबतो, सगळे. मेथीचा तुकडा तिने शेवटी ठेवला आणि त्यावर संगीत घातले नाही. फिल्म जवळजवळ तयार होती. सोमवारी फिल्म देऊन उरलेले पैसे मिळाले की ती बाहेरची हार्डडिस्क घेणार होती.

शनिवारी दुपारी लाइट गेली. मे महिना होता, पत्रा भाजत होता. त्या आठवड्यात लाइट जाण्याची ती तिसरी वेळ होती. तासाभराने लाइट आली, तेजलने बटण दाबले, आणि माझ्या पोटात टक, टक, टक सुरू झाले. ते थांबेना. काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ आली. डिस्क सापडत नाही.

तिने मला छातीशी धरून बंटीभाऊंकडे धावत आणले. त्यांनी कान लावला आणि मान हलवली. "आतली चकती घासली गेलीय. कॉपी ठेवली होती ना कुठं?"

तेजलने रोहितला फोन लावला. "दादा, ते कार्ड..."

"ते का? नव्या मोबाईलला घातलं. त्यानं विचारलं फॉरमॅट करू का, मी हो म्हटलं. तुमच्याकडं होतं ना सगळं?"

बंटीभाऊंनी ते कार्डही मागवून तपासले. त्यावर रोहितने सिनेमे भरले होते, जुने सगळे पुसले गेले होते.

घरी यशोदाबाई म्हणाल्या, "पप्पांना पाठव. तू नको जाऊस." तेजल म्हणाली, "काम मी घेतलं होतं." आणि मला पिशवीत घालून ती रोहितच्या घरी गेली. खोटे वाटू नये म्हणून तिने मला टेबलावर ठेवून, वायर लावून चालू केले. ती टकटक सगळ्यांनी ऐकली.

रोहित ओरडला. "काळजी करू नका म्हणाला होतात तुम्ही! काम येत नाही तर घेता कशाला?" तो बरेच बोलला. तेजल उभी राहून ऐकत होती. ॲडव्हान्सच्या नोटा तिने टेबलावर ठेवल्या.

चंद्रभागाबाई पुढे झाल्या. त्यांनी विचारले, "आवाजबी नाय?"

"नाही मावशी."

"खिडकीचं माझं पाठ झालंय. बाकीचं नाय झालं." थोडा वेळ त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू ऐकलंस ना सगळं? मग सांग मला."

तेजल खाली बसली आणि सांगू लागली. पांढरी अर्धी, गुलाबी सबंध. भांडण वेगळे, जेवण वेगळे. एकामागून एक, जसेच्या तसे. जिथे धोंडीराम थांबायचे तिथे तीही थांबत होती. रोहित भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सातवा की आठवा व्हिडिओ चालू असताना चंद्रभागाबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

"पुरे, पोरी. तू बरोबर सांगतीयस. पण ते ते नायत."

मित्रांनो, यापुढे सांगण्याजोगे फार नाही. आतले काही परत मिळते का म्हणून नवनाथनी माझी डिस्क मुंबईला पाठवून पाहिली. तीन आठवड्यांनी ती तशीच परत आली. तोवर स्मृतिदिन होऊन गेला होता. विहारात नुसता फोटो ठेवला होता. तेजल गेली होती, तिने लोकांना पाणी वाटले. नंतर तिने सगळे एकतीस व्हिडिओ आठवून एका वहीत लिहून काढले आणि ती वही रोहितला नेऊन दिली. त्याने ती कपाटावर ठेवली. आईला वाचता येत नाही आणि त्याला वाचवत नाही.

वर्ष संपले. तेजलने झेरॉक्सच्या दुकानातला कागद स्वतः काढला. आता ती एका कंपनीत पॅकिंगला जाते, पहिल्या पाळीला. मला इथे आणून दिले तेव्हा बंटीभाऊंनी तिला दुसरी डिस्क बसवून देतो म्हटले होते. ती म्हणाली, "नको. सुट्या भागांना ठेवा." वळून तिने माझ्याकडे पाहिले नाही. मीही तिची वाट बघत नाही.

एवढेच सांगतो, मित्रांनो. तुमच्या घरात आजोबांचे, आजीचे, कुणाचे तरी बोलणे एकाच मोबाईलमध्ये असेल. ते आज दुसरीकडे उतरवून घ्या. यंत्र तापत असेल, कुरकुरत असेल, तर ते काय म्हणते ते वेळीच ऐका, त्याची धूळ झटका. आणि एखादी नवशिकी मुलगी तुमच्या दारात पहिले काम मागायला आली, तर तिच्याकडून ते फुकट करून घेऊ नका. तिला थोडेसे का होईना, मोल द्या. ते मोल तेजलला वेळेवर कुणी दिले असते, तर ती हार्डडिस्क आधीच आली असती आणि चंद्रभागाबाईंच्या घरात आज एक माणूस खोकत असता.