सामन्याच्या दिवसाचा अबोला

खुलताबादेत बसस्थानकामागच्या गल्लीत दाऊदचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा आणि दोन खुर्च्या. दुसरी खुर्ची गिऱ्हाइकाची नव्हे, ती बद्रीनाथची. गेली बारा वर्षं तिच्यावर मोडक्या घड्याळांची खोकी बसलेली असतात. बायको जाहेदा वारली, मुलगी परभणीला नांदतेय, आणि मोबाईल आल्यापासून वेळ बघायला मनगटाकडं कोण पाहतं? दिवसच्या दिवस दाऊदच्या तोंडून शब्द निघत नाही. एकटेपणाची सवय होते म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातं.

हा दाऊद बुद्धिबळ खेळायचा, आणि साधासुधा नाही. या खेळात प्रत्येकाच्या नावाला एक आकडा चिकटलेला असतो. जिंकलं की चढतो, हरलं की उतरतो. तो तेवीसशेला पोचला की 'फिडे मास्टर' हा जागतिक किताब मागता येतो. मागता येतो म्हणजे मागावाच लागतो. अर्ज, पुरावा, सही, फी, सगळं रीतसर केल्याशिवाय तो आपल्या पायांनी घरी येत नाही. तो मिळाला की स्पर्धेच्या भिंतीवर लागणाऱ्या यादीत नावाच्या डाव्या अंगाला, बारीकशा रकान्यात दोन अक्षरं येतात. दाऊदचा तो रकाना पंचवीस वर्षं कोरा होता. यादीसमोर उभं राहिलं की त्याची नजर आधी तिथंच जायची आणि त्याला शरम वाटायची. त्याला आयुष्यात तेवढंच हवं होतं.

बद्रीनाथ हर्सूलला राहायचा, शाळेत गणिताचा मास्तर. दोघांची दोस्ती जुनी आणि दोघांचा एक रिवाज होता. स्पर्धेत एकमेकांशी डाव पडला की त्या दिवशी सकाळपासून अबोला. एकाच रिक्षानं जातील, एकाच टपरीवर चहा पितील, पण बोलायचं नाही. डाव संपला की मोहरी पुन्हा मांडायची, पहिल्यापासून चाली बघायच्या, आणि तिथं तोंड उघडायचं. मग काय, दिवसभराचं तुंबलेलं सगळं बाहेर पडायचं. हॉलचा शिपाई दिवे मालवायला लागला तरी दोघं उठायचे नाहीत.

दोन हजार अकरा साली औरंगाबादेतल्या स्पर्धेत आठ फेऱ्या झाल्या, तेव्हा दाऊदच्या हिशेबानं त्याचा आकडा तेवीसशे दोन झाला होता. शेवटची, नववी फेरी नेमकी बद्रीनाथशी पडली. दाऊदची समजूत अशी, की स्पर्धा संपल्यावर जो आकडा राहील तोच खरा. बरोबरी झाली तरी तेवीसशे एक राहत होता. बरोबरी तर दोस्ताकडून मिळणारच. शेवटच्या फेरीत दहा-बारा चालींत हात मिळवून घरी जाणारे किती दोस्त त्यानं पाहिले होते.

बाराव्या चालीला त्यानं हात पुढं केला. बद्रीनाथनं मान हलवली. नाही.

दाऊदची कानशिलं तापली. त्यानंतर तो खेळला ते डोक्यानं नाही, रागानं. शेवटी बद्रीनाथकडं एक उंट आणि दोन प्यादी उरली, दाऊदकडं नुसता घोडा. घड्याळात मिनिटभर वेळ. सत्तावन्नाव्या चालीला दाऊदनं डाव सोडला. आकडा उतरला, हातातोंडाशी आलेला घास गेला.

बद्रीनाथनं रिवाजाप्रमाणं मोहरी पुन्हा मांडायला घेतली. दाऊद उभा राहिला.

"तू जानके केलं," तो म्हणाला. "आता मला काय बी दाखवू नको."

तो चालता झाला. त्या दिवसाचा अबोला मग उठलाच नाही. पंधरा दिवसांनी पोस्टमननं रजिस्टरचं पाकीट आणलं. वरचं वळणदार अक्षर ओळखून दाऊद म्हणाला, "वापस करो." पाकीट परत आल्यावर बद्रीनाथचंही डोकं फिरलं. मास्तर तो, एकदा ताठलेली मान वाकवायची कशी? सुंभ जळतो, पीळ राहतो. दाऊदनं स्पर्धा सोडल्या. शहरात कधी समोरासमोर आले तरी एक दुकानाच्या पाट्या वाचायचा आणि दुसरा चपलेचा अंगठा बघायचा.

यंदा उन्हाळ्यात बद्रीनाथ गेला. दाऊदला तीन दिवसांनी कळलं. मातीला जाता आलं नाही, आणि नंतर जायला तोंड नव्हतं. महिन्याभरानं बद्रीनाथच्या बायकोचा, द्वारकाबाईंचा फोन आला.

"दाऊदभाई, पटाची पेटी न्या तुमची. त्यांनी सांगून ठेवलंय, दाऊदशिवाय कुणाला द्यायची नाय."

हर्सूलच्या घरी द्वारकाबाईंनी चहा ठेवला आणि पेटी पुढ्यात सरकवली. आत पट, मोहरी आणि दोघा खेळाडूंची वेळ वेगवेगळी मोजणारं, दाऊदनंच तीनदा दुरुस्त केलेलं दोन तबकड्यांचं जुनं घड्याळ होतं. सगळ्यांत खाली ते पाकीट. त्यावर पोस्टमनच्या हातचं 'घेण्यास नकार'. बारा वर्षांत कुणी फोडलं नव्हतं.

दाऊदनं ते फोडलं. आत छापील अर्ज होता, भरलेला, फक्त सहीची जागा मोकळी. मुख्य पंचाचा शिक्क्याचा दाखला होता. एक बँक ड्राफ्ट होता, कधीच मुदत संपलेला. आणि चिठ्ठी.

"दाऊद, डाव झाल्यावर सांगणार होतो, तू थांबलाच नाय. आठव्या फेरीनंतर तू तेवीसशे दोन झाला होतास. नियम असा हाय, स्पर्धेच्या मधी जरी आकडा गाठला तरी किताब पक्का, पुढं काय बी होवो. पंचांकडून लेखी घेतलंय. म्हणून तर मोकळ्या मनानं खेळलो. बरोबरी घेतली असती तर लोक म्हणले असते, बद्र्यानं दोस्ताला किताब वाढला. तुझा किताब कुणाच्या मेहरबानीचा नसावा. आदल्या राती सांगावं वाटलं, पण लई उशीर झाला होता, आणि दिवस उजाडला की अबोला. सही तुझी लागते. फी निम्मी माझी, ड्राफ्ट जोडलाय. आणि लेका, तू डाव सोडलास तेव्हा बरोबरीच होती. घोडा देऊन मधलं प्यादं मार, मग राजा कोपऱ्यात ने. कोपरा पांढरा, माझा उंट काळ्या घरांचा. उरलेल्या कडेच्या प्याद्यानं तुला तिथून कोण उठवतंय? ये, दाखवतो."

दाऊदनं चिठ्ठी दोनदा वाचली. त्याला स्वतःची अशी चीड आली, की कप खाली ठेवताना चहा बशीत सांडला. नियम माहीत नसणं माफ होतं. बसला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं, आणि तो बसला नाही.

"काय लिवलंय?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"तो खरा होता, वहिनी. मीच खुळा."

"ते लई वाट बघायचे," त्या म्हणाल्या. "इतवारी पट मांडून बसायचे. मी म्हणायची, फोन लावा की. तर म्हणायचे, डाव त्यानं सोडलाय, त्यानंच यावं."

दाऊदनं तिथंच सही केली. पेटी मात्र नेली नाही. "राहू द्या, मी येईन," म्हणाला. अर्ज गेला, विचारणा झाली, पंचाचा दाखला उपयोगी पडला. फी एव्हाना वाढली होती. ती त्यानं सगळी स्वतः भरली. निम्मी भरणारा नव्हता.

दिवाळीनंतर शहरात स्पर्धा होती. बारा वर्षांनी दाऊदनं नाव घातलं. भिंतीवर यादी लागली, तिच्यात त्याचं नाव सापडलं, आणि डाव्या रकान्यात दोन अक्षरं होती. तो बराच वेळ बघत उभा राहिला. मागून आलेले लोक आपापली नावं बघून निघून गेले. त्यातला एकही त्याला ओळखत नव्हता. ज्याला हाताला धरून आणावं आणि बोट ठेवून दाखवावं, असा या गावात एकच माणूस होता. आनंद झाला नाही असं नाही, पण तो ठेवायला जागा नव्हती.

दुपारचा डाव खेळून तो तडक हर्सूलला गेला. द्वारकाबाईंनी पेटी काढून दिली. त्यानं पट मांडला, सत्तावन्नाव्या चालीपाशी होता तसाच. पलीकडं काळ्या घरांचा उंट, दोन प्यादी, राजा. अलीकडं घोडा आणि त्याचा राजा. घड्याळाला चावी दिली. मग घोडा उचलून मधलं प्यादं मारलं, आणि घड्याळाचं आपलं बटण दाबलं.

त्याची तबकडी थांबली. समोरची चालू झाली.

द्वारकाबाई दारात उभ्या होत्या. "आता कुणाची पाळी?" त्यांनी विचारलं.

"बद्रीची," दाऊद म्हणाला.

आणि रिकाम्या खुर्चीकडं बघत, बद्रीची वेळ संपून काटा पडेपर्यंत तो बसून राहिला.